आमची काही हरकत नाही, पण...

आमची सोसायटी कर्वेनगरमध्ये आहे, बत्तीस फ्लॅटची. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला. मालक परदेशी असतात, म्हणून किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे होती. एजंट एका जोडप्याला घेऊन आला. नवरा हिंजवडीत नोकरीला, बायको नर्स, चार वर्षांची मुलगी. बाईंनी ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते पाहिलं, गॅलरीत कपडे वाळत घालायची सोय विचारली. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून मुलगी स्वतःचंच नाव ओरडून बघत होती. जाताना एजंटाने मला जिन्यात बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून त्यांचं आडनाव सांगितलं. "मॅडम, नंतर कुरबुर नको, म्हणून आधीच कानावर घातलं."

आमच्या भाडेकरूंच्या फॉर्मवर एक ओळ होती, 'फक्त शाकाहारी कुटुंबासाठी'. ती कुठल्या सभेत ठरली, कोणी सुचवली, याची नोंद कुठल्याच इतिवृत्तात नाही. मी कमिटीच्या ग्रुपवर विचारलं. संध्याकाळपर्यंत सात जणांचे निरोप आले, आणि सातही एकाच साच्यातले : माझी काही हरकत नाही, पण बाकीच्यांना चालणार नाही. सातांपैकी एकाचीही हरकत नव्हती, आणि तरी त्या कुटुंबाला घर मिळणार नव्हतं. मी बाईंना फोन करून "दोन दिवसांत कळवते" म्हटलं. तेव्हाच "या, घर तुमचंच" म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही, ही माझी चूक.

पूर्ण सहिष्णू समाज शक्य आहे का, असा प्रश्न व्याख्यानमालांतून, परिसंवादांतून नेहमी विचारला जातो, आणि उत्तर बहुधा हळहळत दिलं जातं, की माणसाचा स्वभावच तसा, शक्य नाही, पण प्रयत्न करत राहावं. माझं म्हणणं निराळं आहे. असा समाज शक्य नाही हे तर खरंच. पण तो असावा असंही मला वाटत नाही. सगळंच चालवून घेणाऱ्या समाजात सर्वांत आधी कोणाचा जीव घुसमटतो, हे या शहराच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुरेसं दिसलेलं आहे.

सहिष्णुता हा शब्द आपण भाषणात वापरतो. घरात आपण म्हणतो चालवून घेणं, खपवून घेणं, सोसणं, कानाडोळा करणं. या शब्दांकडे जरा लक्ष दिलं तर दिसतं की खपवून घेतो तो वरचा आणि सोसतो तो खालचा. सासरा जावयाचं खपवून घेतो, सून सोसते. मुकादम मजुराची उशिरा येण्याची सवय चालवून घेतो. मजूर मुकादमाच्या शिव्या सोसतो. 'जरा समजुतीने घ्या' हे वाक्य कधी वरच्याला उद्देशून म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. गणपतीत स्पीकरची भिंत ज्या घरासमोर उभी राहते, तिथल्या आजारी माणसाला दहा दिवस सहन करा म्हणतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे, पण ती बोलून दाखवणारा माणूस असहिष्णू ठरतो. समाज किती सहिष्णू आहे हे विचारण्याआधी सहन कोण करतंय, ते विचारलं पाहिजे.

आणखी एक. जे आपल्याला आवडतं किंवा ज्याचं आपल्याला काहीच वाटत नाही, ते चालवून घेण्यात सहिष्णुता कसली? शेजारी कुठल्या देवाला जातो याच्याशी मला कर्तव्य नसेल तर तो माझा मोठेपणा नव्हे. मला एखादी गोष्ट मनापासून खटकते, ती थांबवण्याची ताकद माझ्या हातात आहे, आणि तरी मी ती थांबवत नाही, इथे सहिष्णुता सुरू होते. म्हणून ती दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच तिला हद्दही लागते. कारण खटकणाऱ्या गोष्टींत काही नुसत्या खटकणाऱ्या असतात आणि काही दुसऱ्याचं जगणं मोडणाऱ्या असतात.

हा फरक करायला पुण्याइतकी चांगली शाळा नाही. १८९० साली इथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. जमलेल्यांत रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. राष्ट्रीय सभेत ज्यांचा शब्द चाले, त्या माणसांना एका कपभर चहासाठी हे सगळं सोसावं लागलं.

ग्रामण्यात कोणी कोणाला मारत नाही. भटजी श्राद्धाला येत नाही, एवढंच. त्याची मर्जी. शेजारी पंगतीला बोलवत नाही. त्याचं घर, त्याची पंगत. सोयरा मुलीला माहेरी पाठवत नाही, कोणी स्थळ सांगून येत नाही. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती त्या त्या माणसाच्या स्वातंत्र्यातली आहे. सहिष्णू समाजाला त्यातल्या कुठल्याच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. पण या सगळ्या गोष्टी ठरवून एका दिवशी एका घराविरुद्ध झाल्या की त्या घराभोवती भिंत उभी राहते. माझ्या फोनमधले ते सात निरोप याच जातीचे होते. एकेकाची हरकत नाही, भिंत मात्र पक्की.

रानडे-टिळकांना निदान पाठीराखे होते, नाव होतं. गावातल्या गरीब माणसाला जातपंचायत वाळीत टाकते, तेव्हा त्याला दळण मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. धर्मसंप्रदायाला स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क घटनेने दिला आहे आणि धर्माच्या कारणावरून सभासदाला बाहेर काढणं त्यातच येतं, असा तो विचार होता. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. वाळीत पडलेला माणूस आपल्याच लोकांत अस्पृश्य होतो आणि अस्पृश्यता तर घटनेच्या १७व्या कलमाने मोडीत काढली आहे, असा त्यांचा रोख होता. मला तेच मत बरोबर वाटतं. गटाच्या बाबतीत न्यायालय सहिष्णू राहिलं. त्या गटातून हाकललेल्या माणसाच्या वाट्याला मात्र त्यातलं काहीच आलं नाही. दोघांशी एकाच वेळी पूर्ण सहिष्णू राहता येत नाही. बहिष्कार चालवून घ्यायचा की बहिष्कृताला जगू द्यायचं, यातलं एक निवडावंच लागतं.

महाराष्ट्राने पुढे निवड केली. जातपंचायतींना मूठमाती देण्याची अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम, वाळीत पडलेल्या कुटुंबांनी धीर करून पोलिसांत दिलेल्या तक्रारी, यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आला आणि जुलै २०१७मध्ये लागू झाला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. धर्मसंप्रदायाच्या बहिष्काराचा मोठा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे १९४९ला विचारलेला प्रश्न अजून आपण पूर्ण सोडवलेला नाही.

पर्वतीची गोष्टही इथे आठवते. १९२९ साली अस्पृश्यांना पर्वतीच्या टेकडीवरच्या देवदेवेश्वराचं दर्शन मिळावं म्हणून पुण्यात सत्याग्रह झाला. एस. एम. जोशींसारखी विशी-पंचविशीतली पोरं त्यात होती. सत्याग्रहींवर दगड पडले, दरवाजा उघडला नाही. त्या दिवशी गावात मवाळ, समंजस, कोणाला न दुखावणारी माणसं काय म्हणत असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती म्हणत असणार, की आमची काही हरकत नाही, पण लोकांच्या भावना आहेत, घाई नको. हे सगळे भले लोक होते. सनातन्यांचं ते चालवून घेत होते, सत्याग्रहींचंही चालवून घेत होते, आणि अशा दोन्हीकडच्या चालवून घेण्यात दरवाजा बंद होता तसा बंद राहत होता. शेवटी १९४७मध्ये मंदिरप्रवेशाचा कायदा करावा लागला. अस्पृश्यतेबाबत घटना 'सामोपचाराने घ्या' म्हणत नाही. ती नष्ट केली आहे, असं म्हणते आणि पाळणाऱ्याला शिक्षा सांगते. आपल्या घटनेतलं हे सर्वांत असहिष्णू वाक्य असेल. मला त्याचा अभिमान वाटतो.

आता उलट बाजूचा धोका. हद्द लागते म्हटलं की प्रत्येकजण आपापल्या भावनांची हद्द घेऊन उभा राहतो. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचं एक वचन हल्ली सगळे वापरतात, की असहिष्णू लोकांनाही अमर्याद सहिष्णुता दाखवली तर सहिष्णुताच नष्ट होईल. हे त्याने १९४५ साली एका तळटीपेत लिहिलं. व्हिएन्नाचा माणूस, ज्यू कुटुंबातला. हिटलरची सावली पाहून न्यूझीलंडला गेला आणि महायुद्ध चालू असताना तिथे बसून लिहीत राहिला. हे वचन वापरणारे त्या तळटीपेचा उरलेला अर्धा भाग विसरतात. असहिष्णू विचारांना जोवर युक्तिवादाने उत्तर देता येतं आणि लोकमताने ते आवरता येतात, तोवर त्यांच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही, असंही तो तिथेच सांगतो. बळाचा हक्क राखून ठेवायचा तो युक्तिवाद ऐकायलाच जे नकार देतात आणि उत्तरादाखल मूठ किंवा पिस्तूल पुढे करतात, त्यांच्यासाठी.

पुण्याला हे समजावून सांगायला तळटीप लागू नये. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेत जमाव घुसला. कारण होतं परदेशी अभ्यासकाने शिवाजी महाराजांवर लिहिलेलं एक पुस्तक. त्यातला तो मजकूर मला आजही संतापजनक वाटतो, आणि तसा तो अनेकांना वाटला. पण मराठी इतिहासकारांनी निषेध केला होता, प्रकाशकाने पुस्तक भारतातून आधीच मागे घेतलं होतं. शब्दाला शब्दाने दिलेलं उत्तर पोहोचलं होतं. तरीही १९१७पासून उभ्या असलेल्या त्या संस्थेची कपाटं पाडली गेली, ग्रंथांची, हस्तलिखितांची नासधूस झाली. कोणाचं तरी चार ओळींचं टिपण जपून ठेवणारी, त्यासाठी आयुष्य घालवलेली माणसं तिथे दुसऱ्या दिवशी फरशीवरची पानं गोळा करत होती. माझ्या भावना त्या पुस्तकाने दुखावल्या होत्या. संस्थेचं मात्र त्या दिवशी नुकसान झालं. दुखावणं आणि नुकसान यांना एकाच तराजूत घालणाऱ्या माणसाशी सहिष्णुतेबद्दल बोलणं पुढे सरकूच शकत नाही.

आणि २० ऑगस्ट २०१३. ओंकारेश्वराजवळचा पूल, सकाळची वेळ, फिरायला निघालेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं नाव आहे. अस्पृश्यता जावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं आणि स्वकीय-परकीय दोघांचेही शब्द झेलले, त्यांचं. दाभोलकरांनी कोणाच्या घरातला देव उचलून फेकला नव्हता, कोणाची वारी अडवली नव्हती. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्यांच्या खुनानंतर झाला. तो वाचला तर त्यात एक शिस्त दिसते. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना तो हात लावत नाही; भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं, अशी कृत्यं नेमकी अनुसूचीत घालून त्यांना शिक्षा सांगतो. श्रद्धा तुमची, पण त्या श्रद्धेपायी दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायचा नाही. सहिष्णुतेची हद्द कुठे मारावी याचा याहून साधा नकाशा मला सापडलेला नाही. हद्द मताभोवती घालायची नाही, कृतीभोवती घालायची. आणि हा नकाशा आखणाऱ्या माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या. २०२४ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघं निर्दोष सुटले. मधे जवळजवळ अकरा वर्षं गेली.

माझ्या या मांडणीतला अवघड भाग मी टाळणार नाही. शाकाहारी माणसाला वास सहन होत नसेल तर त्याचा काही हक्क नाही का? सारख्या चालीरीतीच्या लोकांनी एकत्र राहायचं ठरवलं तर त्यांना अडवणारे आपण कोण? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाजूने असाच निकाल दिला, की सभासद फक्त पारशी असावेत हा नियम संस्था करू शकते. लहानसा समाज आपली वस्ती जपू पाहतो, ही भावना मला कळते. पण तीच सवलत सगळ्यांनी घेतली तर शहर उरत नाही, शेजारी शेजारी बांधलेली गावकुसं उरतात, आणि त्या प्रत्येक कुसाबाहेर कोण राहणार हे आपल्याला जुन्या अनुभवाने ठाऊक आहे. घटनेचं १५वं कलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, घाट, रस्ते अशी यादी देतं, जिथे कोणालाही जात-धर्मावरून अडवता येत नाही. त्या यादीत भाड्याचं घर नाही. संविधान सभेत डॉक्टर आंबेडकरांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायला सांगितला होता, पैसे घेऊन सेवा देणारा कोणीही त्यात यावा म्हणून. फ्लॅट भाड्याने देणारा आणि त्यासाठी जाहिरात करणारा मालक त्यात का येऊ नये, हे मला कोणीतरी पटवून द्यावं. आज जात पाहून हॉटेलात चहा नाकारला तर गुन्हा होतो आणि घर नाकारलं तर 'प्रोफाइल जुळलं नाही' म्हणतात.

स्वयंपाकघर ज्याचं त्याचं आहे. त्यात काय शिजावं हे सोसायटीने ठरवू नये, आणि कोणी कोणाकडे जेवावं हेही ठरवू नये. जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि राहायचा हक्क मात्र सगळ्यांचा.

जोतीराव फुल्यांनी आपल्या अखेरच्या पुस्तकात एक कुटुंब कल्पिलं आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी, म्हणजे जोतीरावांनी स्वतः मांडलेल्या धर्माचा. आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका घरात राहावं. हे लिहिणारा माणूस मवाळ नव्हता. ज्या शहरात सावित्रीबाईंवर शाळेत जाताना शेण-दगड फेकले गेले त्या शहरात तो राहत होता, आणि शूद्रातिशूद्रांना अडवणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेचं त्याने कणभरही खपवून घेतलं नाही. इतका कडवा माणूस इतकं मोकळं घर कल्पू शकतो, यात मला विसंगती दिसत नाही. त्या घरात प्रत्येकजण वाचतो, निवडतो, निवड जाहीर सांगतो. कोणी कोणाची निवड थांबवायची, एवढी एकच गोष्ट तिथे चालत नाही. ती एक गोष्ट चालू दिली की पहिल्या दिवशी मुलीच्या हातातलं पुस्तक जाईल.

आमची वार्षिक सभा पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, डासांची उदबत्ती. फॉर्मवरची ती ओळ काढण्याचा ठराव मी मांडला. ग्रुपवरच्या सातांपैकी कोणी बोललं नाही. तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक आजोबा उभे राहिले. म्हणाले, "माझी हरकत आहे. मला मासळीचा वास खरंच सहन होत नाही. खोटं कशाला बोलू? बाकीच्यांचं मला माहीत नाही, माझं सांगतो." त्या सभेत स्वतःच्या नावावर हरकत घेणारा तो एकटा माणूस होता, आणि मला त्यांच्याबद्दल वाटलेला आदर अजून कमी झालेला नाही. मी त्यांना म्हटलं, "सर, तुमची हरकत मी इतिवृत्तात शब्दशः लिहिते. पण तिच्यामुळे कोणाचं घर अडायला नको." एकोणीस विरुद्ध आठ मतांनी ठराव झाला.

मी रात्रीच बाईंना फोन केला. त्यांनी वारज्यात घर घेतलं होतं, मुलीचा शाळेतला प्रवेशही झाला होता. "कळवलंत, बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर आता मालवणकडचं एक कुटुंब राहतं. रविवारी अकराच्या सुमाराला त्यांच्याकडे मासे तळायला लागले की आजोबा आपली खिडकी लावून घेतात. दुपारी तीनला उघडतात.